रॅम्प आहे, जागा नाही

चाकणच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथे शहरात धावणाऱ्या बस बनतात. बस घेणाऱ्याला काय काय हवंय ते नेमकं लिहून ठेवायचं, आणि पुढे त्यातलं काही बदललं तर ज्यांच्या कामावर परिणाम होतो त्या सगळ्यांना विचारल्याशिवाय तो बदल पुढे जाऊ द्यायचा नाही, हे माझं काम. एक सीट हलली की तिच्याखालची वायर हलते, शेजारचा खांब हलतो. लोकांना ही कटकट वाटते.

एका ऑर्डरमध्ये व्हीलचेअरवरच्या प्रवाशासाठी दोन गोष्टी मागितल्या होत्या: दरवाजाशी उघडणारा रॅम्प, आणि आत व्हीलचेअर उभी करायला, पट्ट्याने बांधायला मोकळी जागा. पहिल्या बस यार्डात उभ्या राहिल्या तेव्हा मी एकीत चढून पाहिलं. रॅम्प होता. मोकळ्या जागेत दोन सीट बसवल्या होत्या.

सीटचं ड्रॉइंग करणारा सहकारी लातूरकडचा, दिघीत भाड्याने राहणारा. त्याला विचारलं, "या दोन सीट कुठून आल्या?"

"सरांचा फोन आला होता, मॅडम. बसमध्ये दोन सीट जास्त दाखवायच्यात म्हणले."

"मग मला का नाही कळवलं?"

"मी विचारलं, बदलाचा अर्ज टाकू का. तर म्हणले, त्यात आठवडा जाईल, तू ड्रॉइंग पुढे पाठवून दे."

सर म्हणजे आमचे प्रोजेक्टचे प्रमुख. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. रॅम्प, पूर्ण. व्हीलचेअरची जागा, पूर्ण. तपासणाऱ्याने जुनं ड्रॉइंग बघून खूण केली होती आणि बस नव्या ड्रॉइंगवर बनली होती.

"दोन्ही आहे ना? करा सही," ते म्हणाले.

"जागा कुठे आहे, सर?"

"व्हीलचेअर दरवाजाजवळ राहील की उभी. आणि असे कितीसे लोक चढतात हो? मी तरी कधी पाहिले नाहीत."

चढायची सोय नाही म्हणून माणूस घरी बसतो, आणि तो दिसत नाही म्हणून सोय काढून टाकायची. मी उठले, कंपनीच्या दवाखान्यातली व्हीलचेअर मागून आणली आणि सरांना यार्डात बोलावलं.

"बसा, सर."

आजूबाजूला चारजण बघत होते म्हणून असेल, ते हसत हसत बसले. सहकाऱ्याने आणि मी त्यांना रॅम्पवरून वर ढकललं. आत शिरताच पाय ठेवायची पट्टी सीटच्या पायाला अडली. खुर्ची वळेना. मागची चाकं अजून रॅम्पवर होती, त्यामुळे दरवाजाही लागेना.

"मागे घ्या," सर हळू आवाजात म्हणाले.

"थांबा सर, स्टॉपवरचे बाकीचे लोक अजून चढायचेत."

ते उठले आणि चालत खाली उतरले. त्यांना उठता येत होतं.

मी सही केली नाही. ग्राहकाचे इंजिनियर बैठकीला आले तेव्हा त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं. त्यांनी बस पाहिली आणि गाड्या ताब्यात घ्यायला नकार दिला. सगळ्या बसमधल्या त्या दोन सीट निघाल्या, पट्टे लागले. इथवर ठीक झालं.

मग बैठकीचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, "मूळ मागणी पुरेशी स्पष्ट नसल्यामुळे फेरबदल करावे लागले." मागणी मी लिहिली होती. एक व्हीलचेअर, बांधायला पट्टा, वळायला जागा. यातला कुठला शब्द कळला नाही, असं मी पुढच्या बैठकीत विचारलं. सर म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम. काम झालं ना?"

ड्रॉइंगवर नाव सहकाऱ्याचं होतं, म्हणून ताकीदपत्र त्याला मिळालं. फोनची नोंद कुठेच नव्हती. मी त्याच्या बाजूने लेखी दिलं, त्यावर उत्तर आलं नाही. थोड्याच दिवसांत तो तळेगावच्या एका कंपनीत निघून गेला. जाताना म्हणाला, "तुमचा काही राग नाही, मॅडम."

मला मात्र अजून राग येतो. त्याच्यावर नाही.