न मोजलेले वीस पाइप

दहावीत अंकगणिती श्रेढी शिकवली तेव्हा ती मला आधीच येत होती, आणि त्याचा मला भारी माज होता. माझे बाबा अंबरनाथच्या एका पाइप कारखान्यात यार्डावर कामाला. शिक्षण चौथी. सुट्टीच्या दिवशी मी बदलापूरहून त्यांचा डबा घेऊन जायची आणि ते मला थप्प्या मोजायला लावायचे. तळाला जास्त पाइप, वरच्या प्रत्येक ओळीत एकेक कमी.

"एकेक काय गिनत बसतेस? वरची लाइन नि खालची लाइन मिळव, जितक्या लायनी तितक्यांनी गुण, नि निम्मं कर. खलास."

पुढे फळ्यावर सूत्र आलं ते हेच. वर्गात सगळे डोकं खाजवत होते आणि मी निवांत बसले होते.

सहामाहीत बीजगणितात पंचाहत्तरपैकी साठ मिळवतील त्यांच्यासाठी गणिताचे सर शाळा सुटल्यावर फुकट जादा तास घेणार होते. क्लास लावण्याची आमची ऐपत नव्हती. मला डिप्लोमाला जायचं होतं, त्यामुळे ते साठ मला हवेच होते.

पेपरात नेमकं पाइपांचंच उदाहरण आलं. तळाच्या ओळीत वीस पाइप, वरच्या प्रत्येक ओळीत एक कमी, अशा बारा ओळी, तर एकूण पाइप किती? मी उत्तर लिहिलं एकशे चोपन्न. खरं उत्तर एकशे चौऱ्याहत्तर.

बाबांच्या यार्डात सगळ्यात खालची ओळ मोजत नसत. माल चिखलात बसू नये म्हणून तिथे गंजके, टाकाऊ पाइप अंथरायचे. त्याला बैठक म्हणत. "बैठक गिनायची नाय," हे बाबांनी इतक्यांदा बजावलं होतं, की माझ्या हाताने सरळ एकोणिसापासून सुरुवात केली आणि ओळी अकरा धरल्या.

सरांनी चारपैकी शून्य दिलं. एकूण पडले सत्तावन्न. मी उभी राहून बैठकीचं सांगितलं तर म्हणाले, "पुस्तकातले पाइप गंजत नाहीत, बाईसाहेब." वर्ग खो-खो हसला. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर. तीन गुण द्यायला त्या माणसाच्या बापाचं काय जात होतं? मला अजून राग येतो.

घरी बाबा कामावरून येऊन चहा पीत होते. मी पेपर त्यांच्यापुढे फेकला. "तुमचं हमाली गणित तुमच्यापाशीच ठेवा. तुमच्यामुळे गेलं माझं!"

त्यांनी पेपर उचलून बराच वेळ पाहिला. "खालची पन धरायची व्हती व्हय," एवढंच म्हणाले.

बोर्डात मी गणितात जेमतेम सुटले आणि डिप्लोमा राहिला. त्याचं खापर मी आजवर सरांवर फोडत आले. ते सोपं पडतं.

बदलापुरात कात्रपला आमची एकच खोली होती. त्या दिवसानंतर मी गणिताचं पुस्तक उघडलं की बाबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. आई म्हणायची, "आत बसा की, थंडी पडलीय."

"नको. तिचा अभ्यास चाललाय. माझ्या तोंडून काय चुकीचं जायचं."

मला आत सगळं ऐकू यायचं. दहावी संपेपर्यंत मी त्यांना एकदाही आत बोलावलं नाही.