ते धने भाजलेले नव्हते

मी भाजलेले धने पेरले नव्हते. हे एकदा स्वच्छ शब्दांत लिहून ठेवणे आवश्यक झाले आहे, कारण माझ्या कुटुंबात ही गोष्ट इतक्या वेळा आणि इतक्या खुमासदारपणे सांगितली गेली आहे की ऐकताना खुद्द मलाही क्षणभर हसू येते. आणि आपल्याविषयीच्या खोट्याला आपणच हसू लागलो, की ते खरे ठरायला वेळ लागत नाही.

घडले ते एवढेच. सिंगापुरात, हौगांगमधल्या माझ्या फ्लॅटच्या दारासमोर, कॉरिडॉरमध्ये, जाणाऱ्या-येणाऱ्याची वाट न अडवता मी दोन लांबट कुंड्या मांडल्या. माझे आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये आणि पुढे तुआसच्या गोदीत गेले. तेल, वंगण, गंज यांच्याशी माझा परिचय जुना, मातीशी मुळीच नाही. पत्नी गेल्यानंतर घरात ताजी कोथिंबीर असावी असे वाटले. स्वयंपाकघरातल्या डब्यातून मूठभर धने घेतले, बोटभर खोल पुरले, कुंड्या भर उन्हात ठेवल्या आणि सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्याने पाणी घातले. एकही उगवला नाही. नवशिक्याची पहिली पेरणी फसली. यात लाजण्याजोगे मला आजही काही दिसत नाही.

माझ्या सुनेला मात्र यात कथा दिसली. माझी पत्नी धन्यांचे दोन डबे ठेवत असे, एक कच्च्यांचा आणि एक गोडा मसाल्यासाठी भाजून ठेवलेल्यांचा, हे सुनेला ठाऊक होते. मी ज्या डब्याला हात घातला तो भाजलेल्यांचा, हेही तिने पाहिले होते. एवढ्या भांडवलावर तिने गणपतीच्या दिवशी, त्यांच्या खासगी संकुलातल्या काँडोत जमलेल्या पाहुण्यांसमोर, आख्यान लावले.

“आणि रोज पाणी घालतायत हो! मी म्हटलं, बाबा, आता नुसती फोडणी द्यायची राहिलीय!”

दिवाणखाना हसला. नात म्हणाली, “आजोबा, सो फनी ला!” त्या हसण्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो पाहुणे गेल्यानंतरच्या बोलण्याला. माझा मुलगा, माझ्याकडे न पाहता, प्रसादाच्या वाट्या एकात एक रचत म्हणाला, “बाबा, मागची खोली रिकामीच आहे. आता तुम्हाला डबेसुद्धा ओळखता येईनात. एकटं राहणं पुरे झालं.”

म्हणजे मघाचा तो विनोद नव्हता. ते माझ्याविरुद्धचे आरोपपत्र होते, आणि त्याच्या आधारे मला माझ्या घरातून उठवायचे ठरत होते.

“येत्या रविवारी माझ्याकडे या,” मी म्हणालो. “तोच डबा. पेरणार तुझी बायको. उगवले तर खोलीचा विषय कायमचा बंद.”

“आणि नाही उगवले तर?” सुनेने आतून विचारले. तिचे कान तीक्ष्ण आहेत.

“तर सामान बांधतो.”

“बघा हं, बाबा. नंतर शब्द फिरवायचा नाही.”

“मी फिरवलेला एक शब्द दाखव.”

“दाखवला असता,” ती म्हणाली, “पण आज गणपती बसलेत.”

रविवारपर्यंत मी स्वस्थ बसलो नाही. जे यंत्र चालत नाही ते उघडून पाहायचे असते. मी एक धना पात्याने कापला, तेव्हा कळले की तो गोलसर दाणा म्हणजे टरफलात शेजारी-शेजारी बसलेल्या दोन बिया आहेत. त्या सुट्या करायला हव्यात. इथे आणखी एका चुकीच्या आवृत्तीचा समाचार घेतो. शेजारच्या दारातली चिनी बाई, जिला मी आंटी म्हणतो आणि जी मला अंकल म्हणते, ब्लॉकखालच्या बाकांवर सर्वांना सांगते की मला बागकाम तिने शिकवले. तिच्या कांद्याच्या पाती सुरेख असतात, हे मान्य. परंतु तिची एकूण शिकवण म्हणजे माझ्या कुंडीत बोट खुपसून उच्चारलेली दोन वाक्ये: “टू हॉट, अंकल. टू मच वॉटर.” ती खरी होती. दोन वाक्यांना शिकवणी म्हणत नाहीत.

रविवारी सून आली. डबा तिने स्वतः फळीवरून काढला. मी हात पाठीमागे बांधून दाराशी उभा राहिलो. तिच्यापुढे पोळपाट-लाटणे ठेवले.

“आता हे लाटायचेत?”

“रगडायचेत. हलक्या हाताने. दोन फाकी व्हाव्यात, धनेपूड नको.”

“भाजलेल्यांची पूडच होते, बाबा.”

जेवण होईपर्यंत धने भिजले. मग तिने ते पेरले, वर मातीचा पातळ थर पसरला, आणि मी ती कुंडी चपलांच्या मांडणीशेजारी, सावलीत ठेवली.

त्यानंतर पाणी मी शिंपडत होतो, ओतत नव्हतो. कपाटावरची बॅग रोज दिसत होती. तिच्यावर धूळ होती, ती मी पुसली नाही.

कोंब आले त्या दिवशी मी फोनवर फक्त “या” म्हणालो. तिघेही आले. नात कुंडीवर वाकली. “आजोबा, यू बॉट धिस, इज इट?”

“बाजारातल्या कोथिंबिरीला कातरलेली पाने असतात,” मी म्हणालो. “ही पहिली पाने बघ. लांबट, साधी. अशी कोण विकतो? आणि हा कोंब बघ.”

त्या कोंबाच्या शेंड्यावर धन्याचे अर्धे टरफल अजून टोपीसारखे अडकलेले होते. सुनेने ते नखाने अलगद काढले आणि तळहातावर घेऊन पाहिले. मग ती आत गेली, डबा उघडून वास घेतला, आणि तो हातात घेऊनच बाहेर आली.

“हे कच्चे आहेत.”

“मी काय सांगत होतो?”

“पण आईंनी या डब्यात भाजलेले भरले होते, माझ्यासमोर. ते गेले कुठे?”

“संपले.”

“संपले म्हणजे?”

“आमटीत. वांग्यात. नंतर टेक्काच्या बाजारातून नवे आणले आणि त्याच डब्यात भरले.”

“तुम्ही?” मुलाने विचारले. “स्वयंपाक करता?”

“मग तुला काय वाटलं, दोन वर्षं हॉकर सेंटरच्या नूडल्सवर उभा आहे मी?”

सून डबा तशीच धरून उभी होती. “हे तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“विचारलंत का कोणी?”

हे मी मोठ्याने म्हणालो, इतके की आंटीने दार उघडून पाहिले. माझ्या स्वयंपाकघरातल्या वस्तू पत्नीने ठेवल्या तशाच आहेत आणि मी त्यांच्यामध्ये हरवून बसलो आहे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. त्या घरात कोणी जगत असेल, डबे रिकामे करत असेल, पुन्हा भरत असेल, ही शक्यता कोणाच्याही डोक्यात आली नाही.

खोलीचा विषय त्यानंतर निघालेला नाही. तिथे आता इस्त्रीचे टेबल ठेवले आहे, असे कळते.

जाताना सुनेने काँडोच्या बाल्कनीत पेरायला त्याच डब्यातले मूठभर धने मागितले. मी दिले, रगडायची आठवणही करून दिली. तिचे अजून उगवलेले नाहीत. ते भाजलेले होते, असे मी कोठेही म्हटलेले नाही.