कोरड्या आभाळाखालचा पूर

बैलगाडी निघाली तेव्हा माझा बाप, आबा, गाडीत नव्हता. पडलेल्या भिंतीला हात टेकून तो उभा होता. आई खाली उतरून परत त्याच्याकडं गेली. "चला की वो, काय राह्यलंय आता हितं?" तिच्याकडं न बघता आबा म्हणाला, "यसू आली तर घरी कुनी नको का?" माझ्या थोरल्या भावानं, शंकरदादानं, आईला धरून गाडीत बसवलं आणि आम्ही सोलापूरची वाट धरली.

यसू माझी धाकटी बहीण. पुरानं तिला नेलं त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

गावकऱ्यांनो, तुम्ही काहीजण माळावरच्या नव्या गावात राहिलात, काहीजण माझ्यासारखे गिरणीच्या भोंग्यामागं शहरात आलात. त्या दिवसाविषयी आपण एकमेकांशी कधी नीट बोललो नाही. आई गेली, आबा गेला. आता मी सांगते.

माढ्याच्या खालच्या अंगाला, सीना नदीच्या वळणावर आपलं गाव. काठानं दाट बाभळी होत्या. शहरात गिरण्या वाढल्या, विटांच्या भट्ट्या वाढल्या, तसा एक ठेकेदार लाकडासाठी गावात आला. पंच हो म्हणाले, आणि कुणाचीच ना नव्हती. आबा तर खूश झाला. बाभळींची सावली हटल्यावर नदीकडच्या आमच्या पट्टीत ज्वारी पुरुषभर उंच आली. काठ मात्र उघडा पडला. दर पावसाळ्यात त्याच्या दरडी सुटायला लागल्या. "नदी हाय, खानारच की थोडं," असं म्हणून सगळे गप्प बसले. पुढं गावाच्या खालून नवी सडक झाली. तिच्यासाठी उंच भराव घातला आणि पाणी जायला बारक्या मोऱ्या ठेवल्या. सडक आली म्हणून आपण गावभर गूळ वाटला होता.

त्या भादव्यात आपल्याकडं थेंब नव्हता. आभाळ कोरडं, ऊन तर चैतासारखं. वर नगरच्या अंगाला मात्र पाऊस कोसळत होता, आणि ते आपल्याला कळायला काही मार्ग नव्हता. दुपारी यसू शेळ्या घेऊन काठावर गेली. आबा पट्टीत कुळव हाकत होता. आधी नुसती घरघर ऐकू आली, मग तांबडं पाणी दिसलं, फेसाळ, झाडंच्या झाडं घेऊन येणारं. आबा ओरडला, "यसे, पळ! वर पळ!" ती पळालीही. पण एक करडू मागं राहिलं, म्हणून वळली. करडू छातीशी धरून ती काठावर उभी राहिली आणि तिच्या पायाखालची दरडच सुटली. पोरगी पाण्यात पडली, असं आबा कधी म्हणाला नाही. "जमीनच गेली," एवढंच म्हणायचा.

मग पाणी भरावाला जाऊन अडलं. वाहत आलेल्या झाडांनी मोऱ्या तुंबल्या आणि नदी मागं फिरून गावात शिरली. मातीच्या भिंती एकेक करून बसत गेल्या. आपण माळावर चढलो म्हणून वाचलो. पाणी उतरल्यावर आबा काठाकाठानं पार भीमेच्या संगमापर्यंत जाऊन आला. यसू सापडली नाही.

सोलापुरात दादा गिरणीत लागला, मी रिळाच्या खात्यात. चाळीत बहुतेक तेलुगू विणकर. नळ आला की शेजारची नरसम्मा सगळ्यांना हाक द्यायची, "नीळ्ळु वच्चायि!" आधी आम्हाला अर्थ कळायचा नाही. हळूहळू ती भाषा कानावर पडत गेली आणि एक दिवस आईला कळलं, ही म्हणतेय, पाणी आलं. त्यानंतर ती हाक ऐकली की आई हातातलं काम टाकून बाहेर धावायची आणि अंगणात खेळणारी पोरं, कुणाचीही असोत, दंडाला धरून घरात ओढायची. पोरं रडायची. मी एकदा नरसम्माला सगळं सांगितलं. तेव्हापासून तिनं हाक देणं सोडलं. दारोदार जाऊन हळूच सांगायची.

सरकारनं माळावर जागा दिली, गाव वर गेलं. आबा खालीच एक खोली उभी करून राहिला. दिवाळीला मी जायचे. एकदा विचारलं, "आबा, नदीचा राग येत न्हाय?"

"नदीचा कशाला? वर पाऊस पडला, ती आली. काठ आमी उघडा केला, पोरी. त्या बाभळींवर मी सोता कुऱ्हाड चालवलीया." मग कितीतरी वेळ तो हाताच्या तळव्याकडं बघत बसला. मी चूल पेटवली, भाकरी केली. त्यानं अर्धीच खाल्ली.

मागल्या थंडीत आबा गेला. दादाला गिरणीतली पाळी सोडून लवकर निघता आलं नाही, मीच पुढं गेले. माळावर नवी घरं, नवी माणसं. एका दारात तरणी सून उभी होती. तिनं विचारलं, "कुनाच्यात आलासा, बाई?"

मी आबाचं नाव सांगितलं.

"ते म्हातारं व्हय? ते गेलं की. खाली आता कोनच न्हाय." मग माझा चेहरा बघून तिनं आत बोलावलं, गुळाचा खडा आणि पाणी पुढं केलं.

सोलापुरात कुणी "गाव कुठलं?" म्हणून विचारलं की मी अजून पटकन सांगते. पण गावी कुणाच्यात जाता, हे विचारलं तर मला सांगता येत नाही.