तातेरावाचं नाव

माझा शेजारी तातेराव जन्मभर एकाच गोष्टीसाठी झुरला. ऐकाल तर हसाल. त्याला बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचं होतं.

लग्नात घास भरवताना शालूबाईनं उखाणा घेतला होता म्हणे. पण नेमकी त्याच घटकेला बँडवाल्यानं पिपाणी फुंकली आणि नाव त्यात बुडालं. पुढं तिनं ते घेतलंच नाही. आमच्या शिरड शहापुरातल्या जुन्या बाया घेतच नाहीत. नवऱ्याचं आयुष्य घटतं अशी धास्ती. ‘अहो’ आणि ‘ते’, एवढ्यावर संसार झाला. एकदा बाजारात चुकामूक झाली, तर ही बाई ‘अहो, अहो’ करत फिरली. भलत्याच बायांच्या नवऱ्यांनी वळून पाहिलं. हिचा भज्याच्या गाड्यावर!

तातेराव मला म्हणायचा, “सारं गाव मला नावानं हाका मारतं, शिव्या बी नावानंच देतं. घरातच मी बिननावाचा, लेका.”

मागच्या वर्षी त्याची नात पुनम इंग्रजीची सर्वनामं घोकत बसली होती. ही, हिम, हिज. शालूबाई शेजारी लसूण सोलत होती, आम्ही दोघं ओट्यावर.

“काहून गं, एका माणसाला इतके शब्द?”

“काम बदललं की शब्द बदलतो, आजी. त्यानं केलं तर ‘ही’. त्याला काही दिलं तर ‘हिम’. त्याचं असलं तर ‘हिज’.”

शालूबाईचा हात थांबला. “म्हंजी ते आले, ही. त्यान्ला वाढलं, हिम. त्यान्चा पटका खुंटीवर, हिज.”

“बराबर!”

“मंग ह्यात अवघड काय हाये? मी जन्मभर हेच तर करून राहिले.”

आम्ही खो खो हसलो. पण पुनम आजोबाच्या वळणावर गेलेली. त्याची हौस तिला ठाऊक होती. म्हणाली, “पण आधी नाव यायला पायजे, आजी. मग ही. न्हाईतर ही म्हंजी कोण?”

“साऱ्या गावाला ठावं हाये कोण ते!”

“इंग्रजाला न्हाई ना ठावं. आन् इंग्रजीत नाव घेतलं तर दोष लागत न्हाई.”

तातेरावानं विडी विझवली, कान टवकारले. शालूबाई लाजून चुलीकडं निघून गेली. “बुडाली तुझी इंग्रजी,” तो नातीला म्हणाला. हसला खरा, पण चेहरा उतरला होता.

नंतर पुनमनं मला सांगितलं, आजीनं त्याच्या नावासकट इंग्रजी वाक्य पाठ केलंय. हळदीच्या वावरात निंदताना पुटपुटायची, बाया चिडवायच्या, “व्हय गं, आता मडम झालीस!” तातेराव सोडून सगळ्यांनी ऐकलं. त्याला ती दिवाळी पाडव्याला ओवाळताना ऐकवणार होती.

दसऱ्याच्या आधीच तातेराव गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, एकही खाली उतरेना. माणसाची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग एकेकानं शब्द दिला. मुलगा म्हणाला, “आईला सांभाळतो.” मी म्हणालो, “तुझे बैल इकू देत न्हाई.” हट्टानं सोबत आलेल्या पुनमनं शिकायचं कबूल केलं. कावळे ढिम्म.

इतक्यात शालूबाई आली. आमच्याकडं मोठ्या बाया तिथं येत नाहीत. कुणी अडवायला पुढं झालं, तिनं हातानंच बाजूला सारलं. पिंडासमोर हात जोडून, शाळेत लेकरू कविता म्हणतं तशी खणखणीत म्हणाली,

“तातेराव इज माय हजबंड. आय गिव्ह हिम टी.”

कुणी हसलं नाही. एक कावळा खाली उतरला.

“सुटला बिचारा,” लोक म्हणाले. मलाही घटकाभर गंमत वाटली, तातेरावानं केवढे कान टवकारले असते! परत येताना शालूबाई वाटेत थांबली.

“भावजी, बाभळीवरल्या कावळ्यापस्तोर आवाज गेला माझा.”

“गेला, वहिनी.”

“मंग चुलीपासून ओटा किती लांब होता हो?”