सूरजबाईंचा जुडगा

मंगरूळपीरच्या सूरजबाईंच्या कंबरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. माहेरून मिळालेल्या पैशातून त्यांनी तहसिलीमागच्या चार खोल्या विकत घेऊन भाड्याने दिल्या होत्या. धाकटी जाऊ अंगुरीबाई मात्र मोकळ्या कंबरेने वावरायची. तिने आपले पैसे गावातले व्यापारी कैलासचंद यांच्या मार्केटात घातले होते. दहा जणांची भागी. दुकानं कैलासचंदांनी बांधली, भाडेकरूही तेच पाहायचे, दिवाळीला हिस्सा घरपोच.

हेच सूरजबाईंच्या पोटात दुखायचं. मंदिरात प्रवचन रंगात आलं की यांना बोलावणं ठरलेलं. कधी खोलीवरचं टिन उडालं, कधी मास्तरीण आणि कंपाउंडरची बायको नळावर भांडल्या. उठताना जुडगा मुठीत धरला तरी वाजायचा, बायका वळून पाहायच्या. अंगुरी तेवढी डोळे मिटून बसलेली, जणू मोक्षाची खरेदी तिच्याच नावावर झाली आहे. भगवंतापुढे हात जोडले तरी सूरजबाईंना जावेची मोकळी कंबरच दिसे.

पंच्याहत्तर साली पर्युषणाच्या तोंडावर शेजारची पाचवी खोली विकायला निघाली. त्याच सुमारास भागीतला एक हिस्साही रिकामा झाला.

"पुरे झाल्या खोल्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मलेही डोये मिटून बसाचं हाये."

"तुले मिटता येतीन काय?" उत्तमचंद हसले.

पैसे देण्याआधी त्या मार्केट पाहायला गेल्या. कोपऱ्यातल्या दुकानावर नवी पाटी होती. देशी दारू.

"भाडं तोच जास्त देते, भाभी," कैलासचंद म्हणाले. "एकेकाले इचारत बसलो तं धंदा होते काय?"

किळस नंतर आली. आधी सूरजबाईंना गुदगुल्याच झाल्या. घरी न जाता त्या थेट जावेच्या दारात. अंगुरीबाई तांदूळ निवडत होती.

"तुया हिश्श्यात दारू इकून राह्यले, अंगुरी. ठाऊक हाये का तुले?"

अंगुरीचा हात सुपातच थांबला. "ठाऊक हाये, जाऊबाई. मी म्हनलं, काढा त्याले. थे म्हनले, तुमचा एक हिस्सा, नऊ जन काय म्हनतात थे पाहा." मग खाली पाहूनच म्हणाली, "तुमी त्या जुगाऱ्याले एका दिवसात खोलीबाहेर केलं होतं. तुमचा जुडगा वाजला का मी डोये मिटून घेतो. पाहावत नाही मले."

इतकी वर्षं आपण जिच्यावर जळलो, तीही आपल्यावर जळत होती, याचा राग आला की बरं वाटलं, ते सूरजबाईंनाच कळेना.

पाचव्या खोलीची किल्ली जुडग्यात आली. दुसऱ्याच दिवशी प्रवचनात बोलावणं आलं. सूरजबाई उठल्या, सवयीने मूठ जुडग्याकडे गेली आणि अर्ध्यातूनच मागे आली. जुडगा चांगला खणखणला. दारापर्यंत जाऊन त्यांनी वळून पाहिलं, अंगुरीने डोळे मिटले का ते.