तीन दिवस थांबणारा थ्रेड

महिपतीने तो प्रोग्रॅम ऑफिसात चाळीसेक वेळा तरी चालवून पाहिला होता. फक्त तीन दिवसांच्या जागी त्याने एक मिनिट टाकलं होतं. तीन दिवस कोण बसून राहणार?

ही २००५ सालची गोष्ट. महिपती दिग्रसचा, घरातला पहिला इंजिनिअर. पुण्यात कर्वेनगरला तिघांबरोबर खोली करून राहायचा. नोकरीच्या पाचव्या महिन्यात त्याला पहिलं स्वतंत्र काम मिळालं, शनिवार पेठेतल्या एका दवाखान्याचं. कुत्रं चावलेल्या माणसाला पहिल्या इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागतं आणि लोक विसरतात. म्हणून नाव-नंबर भरला की प्रोग्रॅममध्ये त्या पेशंटचा एक थ्रेड सुरू व्हायचा. थ्रेड म्हणजे आतला एक वेगळा कामकरीच. तीन दिवस गप्प थांबायचं आणि मुदत भरली की जोडलेल्या मोबाइलवरून एसएमएस पाठवायचा, एवढंच त्याचं काम.

सोमवारी सकाळी त्याने प्रोग्रॅम बसवला. पहिले पेशंट एकच्या जरा आधी आले, म्हणजे पहिले एसएमएस गुरुवारी त्याच वेळी जाणार होते. ते डोळ्यांनी पाहावेत म्हणून गुरुवारी तो पाऊण वाजताच येऊन बसला. दवाखाना सांभाळणाऱ्या विमलाबाई टेबल आवरत होत्या. एक वाजला तशी त्यांनी पंखा बंद केला आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. कॉम्प्युटरही गेला.

"रोज बंद करता?"

"एक ते चार दवाखाना बंद असतो. बाहेर पाटी आहे. मराठीत आहे."

ऑफिसातले कॉम्प्युटर कधी बंदच होत नसत, त्यामुळे हे महिपतीच्या डोक्यातच आलं नव्हतं. थांबलेले थ्रेड सोमवारी एक वाजताच मेले होते. चारला प्रोग्रॅम नव्याने सुरू झाला, पण कोणाला कधी कळवायचं हे त्याने कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. विमलाबाई आधी स्वतः फोन करायच्या, तेही सोमवारपासून थांबलं होतं.

वीज गेली होती, असं सांगता आलं असतं. ऑफिसातल्या साहेबांना ते पटलंही असतं. नोकरीत कायम व्हायला महिनाच उरला होता. पण त्याने विमलाबाईंना चूक माझी आहे म्हणून सांगितलं आणि सोमवारचे केसपेपर मागितले. दोनच होते. विश्रांतवाडीचे एक मास्तर फोनवर भेटले, संध्याकाळी येतो म्हणाले. दुसरी हिरा, येरवड्याच्या एका बांधकामावरची. नंबर मुकादमाचा, तो उचलेना. कुत्रं मानेला चावलेलं. डॉक्टरांनी 'मान' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या; मेंदूजवळचा चावा लवकर जिवावर बेततो.

महिपतीने रिक्षा केली. सिग्नलला रिक्षा थांबली की त्याचा पाय आपोआप हलायचा. बांधकामावर हिरा मानेला फडकं गुंडाळून विटा वाहत होती. आज का नाही आलात, असं विचारल्यावर तिचा सासरा कोंडीराम शांतपणे म्हणाला, "येनार हाय की. पर बाई म्हनल्या, कॉम्प्युटरचा निरोप येईल तवाच या. सकाळपासनं वाट बघतोय."

महिपतीने दोघांना रिक्षात बसवलं.

चार वाजता दवाखाना उघडला. हिराला आत नेलं. महिपतीने कॉम्प्युटरकडे पाहिलं नाही. मंगळवार-बुधवारचे केसपेपर पुढे ओढून तो कोऱ्या कागदावर नावं आणि तारखा लिहू लागला. विमलाबाईंनी टेलिफोन त्याच्याकडे सरकवला. मंगळवारचे चार होते, उद्या यायचे.