पेट्या बांधावरच राहिल्या

"काकू, उद्या सकाळी मी तुरीवर औषध मारणार हाय. तुमच्या पेट्या उचला."

बांधापलीकडून अप्पा बोलले. औशाजवळच्या या शिवारात संगमेशनं मला त्याच्या सूर्यफुलासाठी बोलावलेलं. मधमाश्या फिरल्या की दाणा चांगला भरतो, म्हणून मी पेट्या घेऊन शेताशेतानं जाते. पण माशीला बांध कळत नाही. शेजारी अप्पांची तूर फुलावर होती, तिथंही ती जाणारच.

"उचलून कुठं ठेवू?"

"रस्त्यापलीकडं. लई लांब हाय का?"

लांब नाही, हीच तर अडचण. माशीला पेटीची जागा पाठ असते. पेटी जवळच सरकवली तर ती चरून जुन्या जागीच येते आणि घर शोधत तिथंच मरते. हलवायची तर कोसभर लांब, तेही सगळ्या आत आल्यावर. तेवढ्यात टेम्पो कुठला मिळतो?

"मग दिवसभर दार लावा," संगमेश म्हणाला. त्याला शेजार बिघडवायचा नव्हता.

"तुला पोत्यात बांधून उन्हात ठेवू का?"

आत उकडलं की माश्या पाणी आणून शिंपडतात, पंखांनी वारा घालतात. दार लावलं की मेणाची पोळी खचतात, माश्या गुदमरतात.

मी अप्पांकडं वळले. "संध्याकाळी मारा. माश्या घरी येतात तवा. अळी कुठं पळून जात न्हाई."

"संध्याकाळी मजूर येत न्हाई. अन दोन माश्या मेल्या तर काय बिघडतंय?"

ते लागलं मला. एक माशी जन्मभर राबून चमचाभरसुद्धा मध करत नाही. विष लागलेली माशी घरी येऊन फुलातला तोच विषारी रस बाकीच्यांना देते. अख्खी पेटी मरते.

"पेट्या हलणार न्हाईत, अप्पा. मजूर नसला तर पंप मला द्या."

"ह्या वयात? कंबर मोडली तर माझ्या नावानं ओरडू नका."

"कंबर माझी हाय."

दुसऱ्या दिवशी सूर्य कलला. शेवटची माशी आत गेलेली बघितली. मास्क, हातमोजे चढवले, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि पंप पाठीवर घेतला. अप्पा बांधावर बसून, "काकू, तास सुटलं बघा, ती ओळ कोरडीच राहिली," करत राहिले. मी पुढच्या ओळीत शिरले. मागं फिरायला दम नव्हता.

सकाळी पेट्यांसमोर बसले. चहा गार झाला. ऊन चढलं तशा माश्या निघाल्या. गेलेल्या परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पहिली उतरली, पायांना परागाच्या पिवळ्या गोळ्या. मग दुसरी. दारात मेलेल्यांचा सडा पडला नाही.

पुढच्या फवाऱ्याला मी कंबरेला शेक घेऊन तयारीनं गेले. बघते तर संध्याकाळच्या उन्हात पंप अप्पांच्याच पाठीवर.

"तुम्ही बसा तिकडं," ते म्हणाले. "मागल्या वेळी चार तासं सोडली तुम्ही."

सोडली असतील. पेट्या होत्या तिथंच होत्या, अप्पा मात्र सकाळवरून संध्याकाळवर आले होते. तेवढं सरकणं माणसाला जमतं, माशीला जमत नाही.